खोडाखोडीलाही जागा द्यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत छापली जाणारी मुलांची चित्रे मी आवडीने पाहतो. मात्र ती पाहताना दर वेळी एक गोष्ट खटकते, म्हणून हे पत्र. एकाही चित्रात रंग रेषेबाहेर गेलेला नसतो, डाग नसतो, पेन्सिलीची चुकलेली रेघ नसते. बरीच वर्षे चित्रकला शिकवल्यामुळे मला ठाऊक आहे की चित्रे अशी होत नाहीत. त्यांच्यामागे चुरगाळून टाकलेले कागद असतात, आणि पुष्कळदा पालकांचा हातही.

यात माझाही दोष आहे. सुरुवातीला मी वर्गात स्वच्छतेला गुण देत असे. परिणामी मुले काढण्यापेक्षा खोडण्यातच रमली आणि कागदाला भोक पडेपर्यंत रबर घासू लागली. एकदा एका मुलीने आकाशाला निळा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, दिला आणि तो अर्धवट ओला असतानाच तिच्या ब्रशमधून पाण्याचा थेंब त्यावर पडला. पाण्याने रंग बाजूला ढकलला, मधे फिकट डाग राहिला आणि भोवती गडद, दातेरी कड उमटली. ती रडवेली होऊन टिपकागद शोधू लागली, तेव्हा मी तिला हात न लावता वाळू द्यायला सांगितले. वाळल्यावर तिने डागाखाली एक खोड काढले, आणि धुक्यातले झाड तयार झाले. तसे झाड ठरवून तिला काढता आले नसते. खरे तर मलाही नाही.

रवींद्रनाथ टागोरांची चित्रकला तर खोडाखोडीतूनच फुलली. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी ते रेघांनी एकमेकींना जोडत आणि त्यातून चित्रविचित्र पक्षी, प्राणी, चेहरे उभे राहत. 1924 सालच्या त्यांच्या वहीत हे ठळकपणे दिसते. 1930 साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. रंगाखाली दडलेल्या, चित्रकाराने नंतर बदललेल्या रेषांना इटालियन भाषेत ‘पेन्टिमेन्टो’, म्हणजे पश्चात्ताप, म्हणतात. मला हा शब्द पटत नाही, कारण रेघ बदलून पाहण्यात पश्चात्ताप करण्यासारखे काय आहे?

याचा अर्थ हलगर्जीपणाचे कौतुक करावे असा नाही. ब्रश न धुता रंगात बुडवला तर सगळे मातकट होते, आणि त्यातून काही सापडत नाही. पण काम करताना झालेला पसारा आणि आळसातून झालेला पसारा यांतला फरक, कागद फाडून न टाकता थोडा वेळ समोर ठेवला, तर मुलांनाही कळतो.

तेव्हा विनंती अशी की, मुलांच्या तयार चित्राशेजारी त्याचा एखादा कच्चा खर्डा, खाडाखोडीसकट, लहान आकारात का होईना, छापावा. जागा अपुरी असेल तर एक चित्र कमी घेतले तरी चालेल.

आपला,
एक चित्रकला शिक्षक