कांद्याची पात टिकवायला शिकवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

कांद्याची पात फ्रीझरमध्ये दीर्घकाळ कशी टिकवावी, हे आपण मला ज्या आस्थेने शिकवलेत, त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. ज्या घरांत जुडी अर्धी वापरली जाते आणि उरलेली पिवळी पडते, तिथेही आपले सांगणे पोहोचावे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहे.

कृती सांगणारे पुष्कळ असतात. आपण प्रत्येक कृतीमागचे कारण सांगितलेत. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि बर्फाचे स्फटिक पातीच्या पेशी फाडतात, त्यामुळे वितळल्यावर ती लुळी पडते, हे कळल्यापासून गोठवलेल्या पातीकडून ताज्या पातीच्या कुरकुरीतपणाची अपेक्षा मी ठेवत नाही. ती कच्ची वरून भुरभुरण्यासाठी नव्हे, तर शिजवण्यासाठी असते, आणि फ्रीझरमधून काढून न वितळवता थेट गरम भांड्यात टाकावी, हा आपला आग्रह किती योग्य आहे, हे मी आता रोज अनुभवते.

सर्वांत मोलाची शिकवण कोरडेपणाची. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ केवळ थांबते, म्हणून मुळे आणि बुळबुळीत पाने काढून पात स्वच्छ धुवायलाच हवी. पण धुतल्यावर ती सुती कापडावर पसरून पूर्ण सुकेपर्यंत सुरीला हात लावायचा नाही, कारण वर राहिलेल्या पाण्याचा बर्फ होऊन सगळे तुकडे एकमेकांना घट्ट चिकटतात. चिरलेली पात आधी ताटात एकेरी थरात गोठवून मगच पिशवीत भरली, की हवी तेवढी मूठभर सुटी निघते. या एका पायरीचा कंटाळा कोणीही करू नये, असे मला फार वाटते. पांढरा भाग शिजायला अधिक वेळ घेतो, म्हणून तो वेगळा ठेवण्याची आपली पद्धतही मी तशीच पाळते.

पुष्कळ भाज्या गोठवण्यापूर्वी उकळत्या पाण्यातून काढाव्या लागतात. पातीला ते लागत नाही, हे ऐकून किती हायसे वाटले! पिशवीतली हवा मात्र दाबून काढावी लागते, कारण हवा राहिली की तुकड्यांतला ओलावा उडून ते शुष्क आणि बेचव होतात. शिवाय पातीतील गंधकयुक्त द्रव्यांचा वास फ्रीझरभर पसरू नये, म्हणून ती पिशवी झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या बरणीत ठेवण्याची आपली युक्ती मला विशेष आवडली.

उणे १८ अंश सेल्सिअसला पात खराब होत नसली, तरी स्वाद हळूहळू उतरतो. म्हणून पिशवीवर तारीख लिहून जुनी आधी संपवण्याची आपली सूचना आमच्या घरी सर्वजण पाळतात. त्या सर्वांच्या वतीनेही आपले आभार.

आपली कृतज्ञ,
एक शेजारीण