जुन्या नकाशाचा समास आधी वाचा

संपादक महोदय,

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे १८८४ पासूनचे नकाशे आता मोफत मिळतात. ग्रँड कॅन्यनला जाणारी आपली मंडळीही ते मोबाइलवर उतरवून घेतात. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांनी नाव दिलेलं ‘विष्णू टेंपल’ हे शिखर त्यात सापडलं की बरं वाटतं, पण त्यावरून वाट आखण्याआधी समासातलं प्रमाण, कॉन्टूरचं (समान उंचीच्या रेषांचं) उभं अंतर आणि मोजणीचं साल वाचावं.

१८८० च्या दशकातले तक्ते १:२,५०,००० प्रमाणाचे, कॉन्टूर २५० फुटांवर. म्हणजे २०० फुटी सरळ कडा दोन रेषांच्या मध्ये साफ गडप होऊ शकतो! त्याच संस्थेचे नकाशाकार फ्रँस्वा मॅथेस यांनी १९०२ पासून केलेलं काम फारच सरस: १:४८,०००, कॉन्टूर ५० फुटांवर. स्टाफ (मोजणीची खुणांची काठी) धरायला दरीपल्याड माणूस कसा पाठवणार? म्हणून काठावर प्लेन टेबल (तिपाईवरचा कागद लावलेला फलक) लावून समोरच्या सुळक्याच्या दिशेने कागदावर किरण, म्हणजे नजरेची रेषा, काढायचा, दुसऱ्या ठाण्यावरून (मोजणीच्या जागेवरून) पुन्हा काढायचा. दोन किरणांचा छेद मिळाला की जागा पक्की. तिसरा किरण पडताळ्याचा. तो छेदातून गेला नाही, तर बहुधा दुसऱ्या ठाण्यावरून भलताच सुळका धरलेला असतो, कारण बाजू बदलली की आकार ओळखू येत नाही. उंची येते उभ्या कोनावरून. पृथ्वीची वक्रता आणि प्रकाशाचं वक्रीभवन मिळून १० मैलांवर सुमारे ५७ फुटांचा फरक पडतो. ती दुरुस्ती राहिली, तर एक अख्खा कॉन्टूर चुकला.

ठरलेल्या बिंदूंमधल्या रेषा मात्र नजरेने काढलेल्या. ठाण्यावरून न दिसणाऱ्या घळीच्या तळाची रेषा कितीही डौलदार असली, तरी अंदाजाचीच. पुढे हवाई छायाचित्रांनी बरंच सुधारलं, तरी गडद सावलीतल्या अन् पुढे झुकलेल्या कड्यांखालच्या जागा अवघडच राहिल्या.

गुराख्यांच्या तुटक वाटा आणि निळे झरे मोजणीच्या सालचे समजा. पाण्याची भिस्त त्यांच्यावर नको.

नकाशा १९२७ च्या उत्तर अमेरिकी आधारावर (NAD27 डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया) असेल, तर जीपीएसमध्येही तोच आधार निवडा. नाहीतर यूटीएमच्या (मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या जाळी-पद्धतीच्या) उत्तर-आकड्यात सुमारे २०० मीटरचा फरक येतो. त्याहून जुना असेल, तर अक्षांश-रेखांशांवर विसंबू नका. कागदही सगळीकडे सारखा आकसत नाही. नदीसंगम, शिखरांची टोकं अशा चार-पाच दूरदूरच्या पक्क्या खुणांनी जुन्या नकाशाचं स्कॅन आजच्या नकाशावर बसवा. झरे आणि पाऊलवाटा त्यासाठी धरू नका.

— एक निवृत्त भूमापक, नाशिक