पसंतीक्रम भरण्याआधी

महोदय,

अकरावीची केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ पासून राज्यभर लागू करण्याचा शासनाचा निर्णय स्वागतार्ह आहे. पण ग्रामीण विद्यार्थ्यांची तयारी मात्र अर्जाच्या दिवशीच सुरू होते.

या प्रक्रियेत दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तेथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. एवढा मोठा निर्णय नेट कॅफेत, मागे रांग खोळंबलेली असताना होतो. शेजारच्या मुलीचा अर्ज भरताना मी सोबत होतो. ‘सायन्स टाकू का?’ असे चालकाने विचारले. तिने वडिलांकडे पाहिले, त्यांनी मान हलवली. झाले! दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतन पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. घरातला पंप स्वतः उघडून दुरुस्त करणारी मुलगी आहे ती.

नववीपासूनच महिन्याला दोन तासिका दहावीनंतरच्या वाटांची माहिती देण्यासाठी राखाव्यात, त्यांपैकी एक पालकांसह. आयटीआय आणि तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळा मुलांना प्रत्यक्ष दाखवाव्यात. आणि निकालाआधी शाळेतच, शिक्षकांसमोर, सरावाचा अर्ज भरून घ्यावा.

— एक निवृत्त शिक्षक