पक्षी बघायला निघालेल्या लेकीला

चि. ईरास,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणींबरोबर दोन दिवस अभयारण्यात पक्षी बघायला जायचं ठरलंय, हे ऐकून मला किती आनंद झाला ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. सामानाची यादी तू करशीलच. मला मनापासून एकच सांगायचं आहे. आपण आलोय हे पक्ष्याच्या गावीही नसावं, इतकं अंतर राखून बघ.

थंडीत पाणथळीवर उतरलेली बदकं दुरून निवांत तरंगताना दिसतात, पण त्यांचं सगळं लक्ष पोटाकडे असतं. परतीच्या वाटेवर लागणारी चरबी त्यांना मुक्कामातच साठवायची असते. ही चरबी काय करू शकते ते ऐक. २०२२ साली अलास्काहून निघालेला एक गॉडविट, म्हणजे चिखलात चरणारा लांब चोचीचा किनारपक्षी, कुठेही न उतरता थेट ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाला पोचला. अकरा दिवस, साधारण १३,५६० किलोमीटर. त्याच्या पाठीवर छोटा ट्रान्समीटर बसवलेला होता म्हणून हे कळलं. आणि पक्षी केवढा, तर जन्मून जेमतेम पाच महिने झालेला! वाटेत दाणा नाही, पाणी नाही. जे काही लागलं ते निघण्याआधी किनाऱ्यावरच्या चिखलात चोच खुपसून मिळवलेलं. अशा पक्ष्याला एका फोटोसाठी उठवलं, की त्याचं खाणं तुटतं आणि साठवलेलंही उडण्यात खर्ची पडतं. आपण एकदाच उठवलं असं आपल्याला वाटतं, पण आपल्या मागून आलेलेही तेच करतात, आणि त्यांच्या मागून आलेलेही.

आपण फार जवळ गेलोय हे पक्षी स्वतःच सांगतात. चरणाऱ्या थव्यातल्या माना एकेक करून वर येतात. चरणं थांबतं. मग बदकं काठ सोडून हळूहळू आत सरकू लागतात. उडेपर्यंत थांबायचंच नाही, पहिली मान वर आली की चार पावलं मागे यायचं आणि खाली बसायचं. बसलेल्या माणसाची त्यांना फारशी भीती वाटत नाही. पाच-दहा मिनिटांत चरणं पुन्हा सुरू झालं, की समज जमलं.

आणि मग खरं बघणं सुरू होतं. यादी वाढवायच्या मागे लागू नकोस, एखाद्या पक्ष्यापाशी अर्धा तास काढ. थापट्या बदक दिसलं तर त्याच्यावरच लक्ष ठेव. नर ओळखायला सोपा, हिरवं डोकं, पांढरी छाती, विटकरी कूस, पिवळा डोळा. मादी मात्र इतर बदकांच्या माद्यांसारखीच तपकिरी, त्यामुळे रंग सोड आणि चोच बघ. टोकाशी पसरट, उलथन्यासारखी. ती पाण्यात सपाट धरून डावीकडे-उजवीकडे फिरवत तो पुढे पुढे जातो. चोचीच्या कडांना आतून बारीक दात्यांची रांग असते. पाणी चोचीत शिरतं, कडांमधून बाहेर पडतं आणि बारीक किडे, बिया आत अडकतात. कधी कधी सगळा घोळका एकामागे एक गोल फिरत राहतो. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेलं मागच्याला मिळतं. हे एकदा नीट पाहिलंस की थापट्या कुठेही, कितीही अंधुक उजेडात दिसू दे, तू ओळखशील.

दुर्बीण ८×४२ची ने. आठपट मोठं दिसतं आणि हातही फारसा हलत नाही. पक्ष्यावरची नजर न काढता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधत बसलीस तर नुसतं आकाश दिसेल. ऊन पाठीशी राहील अशी जागा निवड. पहाट चुकवू नकोस.

काही गोष्टींत मात्र मी तडजोड करणार नाही. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो पिल्लं सोडून भांडायला येतो. घरटं दिसलं तर फांद्या बाजूला करायच्या नाहीत आणि जागा कुणालाही कळवायची नाही. गटात कुणी असं करत असेल तर स्पष्ट सांग, मग ती व्यक्ती वयाने मोठी असली तरी.

अभयारण्य हा शब्द आपण सहज वापरतो, पण राजस्थानातल्या भरतपूरची गोष्ट तुला माहीत हवी. तिथे १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीच्या पार्टीने ४,२७३ पक्षी मारले. अशा शिकारींचे आकडे आजही तिथल्या दगडी फलकांवर कोरलेले आहेत. पुढे त्याच पाण्यावर पक्षीतज्ज्ञ सालिम अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षी पकडून, पायात कडी घालून सोडून दिले आणि ते कुठून कुठे जातात याचा माग काढला. पाणी तेच, पाहुणे तेच. बदलली ती माणसं, आणि तीही आपोआप नाही. कुणीतरी अडून बसलं, भांडलं, म्हणून बदलली. त्यामुळे एखाद्या पाणथळीवर भराव पडतोय असं ऐकलं की मला स्वस्थ बसवत नाही. तुलाही बसवू नये असं फार वाटतं.

मुक्कामी परतल्यावर दिवसाची नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाक. किती वेळ होतात, किती चाललात आणि प्रत्येक पक्षी अंदाजे किती, हे सगळं लिही. फक्त दुर्मीळ पक्षी टाकणारे खूप असतात. पण ओळखलेला प्रत्येक पक्षी नोंदला तरच पुढे अभ्यास करणाऱ्याला कळतं, की यादीत जो नाही तो तुम्हाला खरंच दिसला नव्हता. मलाही पाठव ती यादी. पूर्ण पाठव, साळुंक्या आणि कावळे गाळू नकोस.

तुझी,
आई