वॉर्साहून आईला: तुझ्या विरजलेल्या सायीतली मिझेरिया

वॉर्सा, जुलै

ती. आई,
सा. न.

परवा फोनवर मी इथल्या काकडीच्या पदार्थाचं सांगत होते तर तू म्हणालीस "म्हणजे आपली दह्यातली काकडीच की, त्यात काय एवढं" आणि तेवढ्यात कुणीतरी दारावर आलं म्हणून फोन राहिला, तर आता सगळं नीट लिहूनच काढते. वहिनीला पण वाचायला दे, कारण करायचं शेवटी तुम्हा दोघींनाच आहे.

मिझेरिया म्हणतात इथं. काकडीच्या पातळ चकत्या, आंबट साय, बारीक चिरलेला शेपू, मीठ, मिरी, चिमूटभर साखर आणि लिंबू, बास. फोडणी नाही, दाण्याचं कूट नाही, मिरची नाही, कोथिंबीर नाही. मला माहितीय तू हे वाचून "मग चव कशाची" म्हणणार, तर चव सायीची गं, सगळा खेळ सायीचाच आहे, आणि ती साय तुझ्याकडं जशी असते तशी इथल्या दुकानातसुद्धा मिळत नाही, हे सांगायलाच खरं तर पत्र लिहायला बसले.

इथं सध्या उन्हाळा आहे, रात्री नऊपर्यंत उजेड असतो, आणि बाजारात शेतातल्या काकड्या आल्यात. मी राहते त्या ओहोता भागात बानाहाचा मोठा बाजार आहे, तिथं म्हाताऱ्या बायका बुट्ट्या घेऊन बसतात, काकड्या, नवे बटाटे, मुळे, शेपूच्या पेंड्या, कांद्याची पात. वर्षभर सुपरमार्केटात मिळते ती लांबलचक गुळगुळीत काकडी, प्लॅस्टिकमधे गुंडाळलेली, काचघरातली. तिला वास नसतो. ही शेतातली मात्र बोटभर लांबीची, जाड, अंगावर खरखरीत पुटकुळ्या, आणि कापली की घरभर काकडीचा वास सुटतो. जूनच्या शेवटापासून साधारण सप्टेंबरपर्यंत हीच घ्यायची असं इथली माणसं सांगतात, आणि हिचंच अर्धवट आंबवलेलं लोणचं घालतात, म्हणजे मिठाच्या पाण्यात लसूण, शेपूची बी धरलेली फुलं आणि हॉर्सरॅडिश नावाचं एक झणझणीत मूळ घालून बरणीत दोन-चार दिवस ठेवायचं. ते पण भारी लागतं, पण त्याचं नंतर कधीतरी.

आमच्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या असतील, त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी हे बघितलंय. कोल्हापूर म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, म्हणाल्या ते नाव माहितीय, आमचे लोक होते तिथं. आपल्या वळिवड्याला 1943 ते 1948 पर्यंत पाचेक हजार पोलिश माणसं राहत होती ना, बहुतेक बायका आणि लहान पोरं, रशियातून इराणमार्गे आलेली, त्यांचं म्हणत होत्या. ते गेल्यावर तिथंच सिंधी लोक आले आणि गांधीनगर झालं, जिथून दादाच्या लग्नाचं कापड आणलं आपण. इथं वॉर्सात दुसऱ्या महायुद्धातल्या मॉन्टे कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ कोल्हापूरच्या नावाचं छोटं स्मारक आहे, मी फोटो पाठवला होता बघ. आणि माझ्याच भागात, पोलिश पोरांना आसरा देणाऱ्या जामनगरच्या जामसाहेबांच्या नावानं चौक आहे, चांगल्या महाराजांचा चौक म्हणतात. पप्पांना हे सांग, त्यांना आवडेल.

तर कृती. आजी सुरी घेऊन आधी काकडीचं फुलाकडचं टोक कापतात आणि तिथून देठाकडं सोलत जातात, उलट कधीच नाही. कडूपणा देठाकडं आणि सालीखाली जास्त असतो, तो सुरीला लागून पुढं पसरू नये म्हणून, असं म्हणतात. आपण टोक कापून घासून फेस काढतो ना, तेच कारण. मग देठाकडची एक चकती खाऊन बघतात, कडू निघाली तर अजून थोडं कापून टाकतात, तरी कडू असेल तर ती काकडी बाजूलाच, एका कडू काकडीनं सगळं भांडं जातं. तू पण प्रत्येक काकडी चाखूनच घे.

मग चकत्या. आई इथंच आपल्यापेक्षा खरा फरक आहे. तू काकडी चोचवतेस किंवा किसतेस, त्याला पाणी लगेच सुटतं आणि ते आपल्याला चालतं कारण कूट ते पाणी पिऊन घेतं. इथं कूट नाही, त्यामुळं काकडी गोल आणि इतकी पातळ कापायची की चकती उजेडाला धरली तर पलीकडचं बोट दिसलं पाहिजे. वहिनीकडं बटाट्याचे वेफर्स पाडायची किसणी आहे ती काढा, तिच्यावर एकदम झकास होतं, फक्त शेवटचा तुकडा हातानं कापा, बोटं सांभाळा. आपली काकडी जून असेल, बी मोठं असेल, तर आधी उभी चिरून चमच्यानं बी काढून टाक आणि मग अर्ध्या चकत्या कर, चालतंय.

अर्धा किलो काकडीला अर्धा छोटा चमचा मीठ लावून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवायची. भांडं जरासं तिरकं ठेव, खाली पाणी जमतं. ते ओतून टाकायचं. यावरून इथं घराघरात वाद आहेत, काही जण मुठीत घेऊन दाबून पिळतात, काही जण अजिबात पिळत नाहीत, काही तर मीठच अगदी वाढताना घालतात. आजी पिळत नाहीत, नुसतं ओततात आणि भांडं हातानं थोडं झटकतात. मला पण तेच बरोबर वाटतं, पिळली की काकडी चिवट होते आणि तोंडात तो कुरकुरीतपणा राहत नाही, मग ती काकडी कशाला म्हणायची.

आता साय. इथं हिला श्मेताना म्हणतात, दुकानात डब्यात मिळते, वर आकडा असतो, 12 टक्के, 18 टक्के, म्हणजे स्निग्धांश. 12 ची पातळ असते, मिझेरियाला बहुतेक सगळे 18 ची घेतात. ही गोड साय नाही बरं का, जंतू घालून आंबवलेली असते, दाट, चमच्यानं घेतली तर हळूच घसरते, आंबूस पण दह्याइतकी आंबट नाही, तिच्यात एक गोडसर लोण्याचा वास असतो. मी पहिल्यांदा चाखली तेव्हा मला दुसरंतिसरं काही नाही, तुझं सायीचं पातेलं आठवलं. तू आठवडाभर साय साठवतेस, तिला विरजण लावतेस, आणि रवीनं घुसळून लोणी काढतेस. तर घुसळायच्या आधी, विरजण लागून ती जमलेली असते ना, तीच ही. जवळजवळ तीच. इथं कारखान्यात जे करतात ते तू घरी ओट्यावर करतेस आणि आपण कधी ती तशी खाल्लीच नाही, लोण्यासाठी ठेवली.

फक्त दोन गोष्टी. एक म्हणजे आपली साय म्हशीच्या दुधाची, ती 18 टक्क्यांपेक्षा खूपच जड, तशीच घातलीस तर काकडीला चिकटून गोळा होईल आणि जिभेवर तुपकट लागेल. म्हणून निम्मी विरजलेली साय आणि निम्मं गोड ताजं दही घे, हातानं हलकं फेटून एकजीव कर, गाठी राहू देऊ नको, पण रवी किंवा मिक्सर लावू नको, लगेच लोणी फुटेल. दुसरं म्हणजे आठवडाभराची साय नको, तिला वास लागलेला असतो, लोण्याचं तूप कढवताना तो जातो पण इथं कच्चीच खायचीय. दोन-तीन दिवसांची ताजी साय वेगळ्या वाटीत काढ, कोमट करून अर्धा चमचा दही लाव, पावसाळ्यात रात्रभर लागेल, सकाळी जमली की थेट फ्रीजमधे. थंडगार पाहिजे. आणि नुसतं दही घालून भागवू नको, तू तसंच करशील मला माहितीय, पण दह्याला मीठ लागलं की ते पाणी सोडतं आणि पाच मिनिटात ताक होतं. साय तशी फुटत नाही, ती चकतीला धरून राहते.

अर्धा किलो काकडीला एक मोठी वाटी हे मिश्रण. त्यात आधीच लिंबू पिळ, एक-दोन छोटे चमचे, अर्धा चमचा साखर, मिरीपूड ताजी कुटून, आणि चाखून बघ. आंबट, मग किंचित गोड, मग साय, असं लागलं पाहिजे. साखर सोडू नको, इकडं पोझनानच्या बाजूला तर अजून गोड करतात म्हणे. जुन्या घरांमधे लिंबाच्या जागी व्हिनेगरचे चार थेंब घालतात, आजी पण तेच घालतात, पण आपल्या लिंबासमोर ते काहीच नाही, तू लिंबूच घाल. मीठ आता घालू नको, काकडीला लागलेलं पुरतं.

आणि शेपू. पप्पा शेपूची भाजी म्हटलं की पानावरून उठतात हे मला चांगलं आठवतंय, पण इथं शेपूशिवाय उन्हाळाच नाही. उकडलेल्या बटाट्यावर शेपू, सूपमधे शेपू, बिटाच्या थंडगार गुलाबी सुपात शेपू, माशावर शेपू. पण शिजवत नाहीत, कच्चाच वरून घालतात, आणि कच्च्या शेपूला तो उग्रपणा येतच नाही, बडीशेपेसारखा हिरवा गार वास येतो. आपला शेपू इथल्यापेक्षा तिखट वासाचा आहे, त्यामुळं कोवळी पेंडी बघून घे, फक्त वरचे केसासारखे पानांचे शेंडे खुडून घे, काड्या भाजीला ठेव, आणि धारदार सुरीनं एकदाच चिर, परत परत चिरलास की काळा पडतो आणि रस सुरीलाच लागतो. दोन मोठे चमचे भरून. आपल्या शेपूचे दीड पुरे.

सगळं कालवायचं ते अगदी जेवायला बसताना. हे महत्त्वाचं आहे आई, सकाळी करून झाकून ठेवू नको. अर्ध्या तासात पाणी सुटतं. पाहुणे यायचे असतील तर काकडी कापून ठेव, सायीचं मिश्रण वेगळं फ्रीजमधे ठेव, आणि पानं वाढली की एकत्र कर. तरी खाली थोडं पाणी राहतंच, ते इथले लोक वाया घालवत नाहीत, बटाट्यावर ओतून घेतात, आणि तो घास सगळ्यात चांगला असतो.

कशाबरोबर खायची हे पण सांगते, कारण नुसती चपातीबरोबर वाढशील. इथं रविवारी दुपारचं जेवण मोठं असतं, आधी कोंबडीचं पातळ सूप शेवयांसारख्या नूडल्स घालून, मग डुकराच्या मांसाचा ब्रेडचा चुरा लावून तळलेला कटलेट, शेजारी बटाटे आणि मिझेरिया. तळलेल्याच्या बाजूला थंड आणि आंबट काहीतरी पाहिजे म्हणून. पण मला जे खरं आवडतं ते यापेक्षा साधं आहे, उन्हाळ्यात फार गरम झालं की लोक नुसते नवे बटाटे उकडतात, नखानं साल निघते इतके कोवळे, त्यावर लोणी आणि शेपू, एक अंडं हाफ फ्राय, मिझेरिया, आणि पेलाभर थंड ताक किंवा आंबट दूध. बास. एवढ्यावर दुपार. इथं बार म्लेच्नी म्हणजे दुधाच्या खानावळी असतात, सरकारची सबसिडी असलेल्या, स्वस्त, तिथं पण कामगार, विद्यार्थी, म्हातारी माणसं ताटात हेच घेऊन बसलेली दिसतात. मला त्या खानावळी फार आवडतात, आपल्या एसटी स्टँडजवळच्या पोळी-भाजी केंद्रात जशी सगळ्या थरातली माणसं एका बाकावर बसतात तसंच.

तुमच्याकडं आता पाऊस असेल, बाजारात काकडी पण आली असेल आणि शेपू पण. बटाटे उकड, घरचं लोणी घाल, पप्पांना आणि दादाला अंडं दे, आपल्या आजीला नको असेल तर तिला नुसते बटाटे आणि मिझेरिया, चकत्या पातळ असतात, तिला चावायला त्रास होणार नाही, फक्त तिच्यासाठी काकडी अजून पातळ कर आणि मिरी कमी. बाळाला पण मिरी घालायच्या आधी थोडी काढून दे. आणि कृपा करून वरून मोहरीची फोडणी देऊ नको, पहिल्यांदा तरी नको. एकदा अशीच खाऊन बघा सगळ्यांनी, मग दुसऱ्या वेळी तुला काय हवं ते कर, मी काही बोलणार नाही.

झाली की मला लिही साय किती दही किती घेतलंस, कारण मी आजींना म्हशीच्या सायीबद्दल सांगितलंय आणि त्या रोज विचारतायत तुझ्या आईनं केली का म्हणून. त्यांनी म्हशीचं दूध कधी चाखलेलं नाही. त्यांचा प्रश्न आहे की एवढ्या जड सायीला लिंबू जास्त लागतं का, तर ते पण करताना बघून ठेव आणि कळव.

पप्पांना नमस्कार, त्यांची गोळी वेळेवर देत जा. आजीला नमस्कार, दादा-वहिनीला सांग मी रविवारी फोन करते, बाळाला गोड पापा.

तुझी,
सोनू