‘घारचे पवार’ धारला परत पोचवणाऱ्या काकूंना

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

खाजगीत लिहिलं असतं तर ‘आभार कसले मानतोस, अभ्यास कर’ म्हणून तुम्ही विषय मिटवला असतात. म्हणून चारचौघांत लिहितोय. नाव घालू नकोस म्हणालात, ते मात्र पाळतो.

एम.ए.ला लागलेला तो मराठ्यांच्या इतिहासावरचा जाडजूड ग्रंथ माझ्याकडे पानांच्या फोटोंच्या रूपात होता. म्हणजे माझ्या लेखी कोरे कागद. पुष्कळांना वाटतं, अंधांचा कम्प्युटर बोलतो म्हणजे समोर धरलेलं सगळं वाचतो. स्क्रीन रीडर मजकूर वाचतो; मजकुराचं चित्र असेल तर तो गप्प. जुन्या डीटीपी फॉन्टांतली पीडीएफ त्याहून वाईट. डोळ्यांना तिथे शुद्ध मराठी दिसतं, पण आत युनिकोड (यंत्राला अक्षर ओळखता येईल असे ठरलेले सांकेतांक) नसतं, त्यामुळे ऐन पानिपतात ‘डॉलर, के, सेमीकोलन’ असं काहीबाही ऐकू येतं. आपली कित्येक मराठी पुस्तकं अशा फाइलींत अडकून पडली आहेत.

मी वापरतो तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने तो २००६ मध्ये लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र सोबत आला. त्या दोघांचे उपकार आहेतच. तो नसता तर महागडा स्क्रीन रीडर विकत घेणं घरच्यांना जमलं नसतं. पण वाचायला आधी मजकूर लागतो, आणि तो तुमच्याकडून आला.

फोटोंवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम, चालवला की अक्षरं मिळतात, पण कशी! ‘ख’चा ‘रव’ होतो, ‘भ’चा ‘म’, ‘ध’चा ‘घ’. आपल्या फाइलीत राज्याभिषेक ९६७४ साली झाला होता. ‘रवरोखर’सारखं काही आलं की चूक कानालाच कळते, शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअरही ती पकडतं. ‘घारचे पवार’ मात्र कोणीच पकडलं नसतं, कारण घार हाही शब्द आहेच. उत्तरेच्या स्वाऱ्यांचं आख्खं प्रकरण मी त्या पवारांसकट पाठ करून परीक्षेला गेलो असतो. तुम्ही मूळ पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिलीत म्हणून ते माळव्यातल्या धारला परत गेले.

प्रत्येक पानाच्या डोक्यावरचं ग्रंथाचं नाव तुम्ही काढलंत. ते राहिलं असतं तर वाक्य अर्ध्यात तोडून दर पानाला ऐकावं लागलं असतं. पानांचे आकडे मात्र ठेवलेत, कारण निबंधात संदर्भ देताना पृष्ठक्रमांक लागतो हे तुम्हाला न सांगता कळलं. प्रकरणांच्या नावांना वर्डमधली हेडिंगची स्टाइल लावा, एवढं मीच फोनवर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळी लावलेली! आता एनव्हीडीएच्या ब्राउज मोडमध्ये एच दाबत गेलं की मी थेट पुढच्या प्रकरणावर जातो. जुने अनुस्वार काढू का, असंही विचारलंत. यंत्राचा आवाज त्यांच्यावर अडखळतो हे खरं, पण लेखकाने ‘नाहीं’ लिहिलं असेल तर मलाही ‘नाहीं’च हवं. ते ठेवलेत, बरं केलंत.

आणि तो नकाशा. ओसीआरने त्यातली नावं एकाखाली एक ओतून ठेवली होती. तुम्ही ती पुसून कंसात लिहिलंत : ‘वर मधोमध पुणे. त्याच्या खाली डावीकडे राजगड, आणखी डावीकडे, किंचित वर तोरणा. पुण्याच्या खाली उजवीकडे पुरंदर.’ मी टेबलावर वाटी पुणे म्हणून ठेवली, भोवती तीन बाटल्यांची झाकणं मांडली आणि बोटांनी चाचपली. ही नावं चौथीपासून पाठ होती. तोरण्याहून राजगड इतका हाकेच्या अंतरावर, हे तेव्हा पहिल्यांदा हाताला लागलं.

पूर्वी धाकटी बहीण वाचून दाखवायची. तिचेही आभार आहेत, पण तळटीप आली की ती जांभई द्यायची, आणि ‘पुन्हा वाच’ म्हणायला मला लाज वाटायची. आता एकेक तळटीप हवी तितक्यांदा ऐकतो, कंटाळवाणं पान वेग वाढवून उडवतो. तो वेग ऐकून आई म्हणते, रेडिओ बिघडलाय का?

काम घेताना तुमचा पहिला प्रश्न होता, ‘हे कायद्यात बसतं ना रे?’ बसतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि अपंग वाचकांसाठी वाचता येईल अशी प्रत करायला मुभा मिळाली. पुढे २०१३ मध्ये अशाच प्रतींसाठीचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार झाला. २०१४ मध्ये त्याला सर्वांत आधी मंजुरी देणारा देश भारतच. हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, ‘मग पुस्तकं का नाहीत?’ माझ्यापाशी उत्तर नव्हतं. कायदा मुभा देतो, पण ‘ध’ आणि ‘घ’ बघायला कोणीतरी बसावं लागतं. हल्ली फोनचा कॅमेरा औषधाची पट्टी, विजेचं बिल झटकन वाचून दाखवतो, त्याने माझी रोजची बरीच अडचण गेली. जुन्या छपाईच्या मराठी ग्रंथाला मात्र अजून डोळस, चिकट माणूसच हवा. (चिकट हे कौतुकाने म्हटलंय.)

दुसऱ्या खंडाचे फोटो माझ्याकडे आलेत. तुमच्या चष्म्याचा नंबर बदलायचाय असं काका म्हणत होते. तो आधी करून घ्या, मगच पाठवतो. तोवर पहिल्या खंडाची परिशिष्टं पुरतील. आणि पृष्ठ २१४ वर एक ‘मोगल’चा ‘भोगल’ राहिलाय, तो मीच दुरुस्त केला. रागावू नका.

तुमचा,
पहिल्या खंडाचा वाचक