हेडलाइट लावला की मीटर दिसत नाही, आणि कंपनी म्हणते हेडलाइट बंद ठेवा

प्रति,
ग्राहकसेवा प्रमुख,
मोटार कंपनीचे मुख्य कार्यालय

विषय : डिजिटल मीटरची स्क्रीन धुक्यात, उन्हात आणि बोगद्यातून बाहेर पडताना वाचता येत नसल्याबाबत, तसेच तुमच्या ग्राहकसेवेने दिलेल्या धोकादायक सल्ल्याबाबत

महोदय,

आज सकाळी तुमच्या ग्राहकसेवेचा फोन ठेवतो न ठेवतो तोच मोबाइलवर मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' निराकरण झालेलं नाही. तक्रार जशीच्या तशी आहे, उलट तुमच्या माणसानं दिलेल्या सल्ल्याची तिच्यात भर पडली आहे. म्हणून हे पत्र.

मॉडेल कोणतं, व्हेरिएंट कोणतं, सॉफ्टवेअर कुठलं, हे सगळं जॉबकार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या नोंदपत्रावर आहे. स्क्रीन तुम्हीच बसवली आहे, ती कशी चालते हे तुम्हाला माहीत आहे. दोष एवढाच सांगतो : हेडलाइट, अगदी नुसता पार्किंग लाइट जरी लावला, तरी स्टिअरिंगमागची स्क्रीन रात्र झाली असं धरून मंद होते. बाहेर भर दुपार असली तरी.

मी पशुवैद्यक आहे. राहतो साताऱ्यात, पण माझं निम्मं काम यवतेश्वर घाट चढून वर, कास आणि बामणोलीच्या बाजूच्या गावांत असतं. पावसाळ्यात त्या रस्त्यावर काय धुकं असतं ते तुमच्या मुख्य कार्यालयात बसून कळणार नाही. बोनेटच्या पुढचं दिसत नाही. अशा वेळी हेडलाइट लावायचा तो समोरच्याला आपली गाडी दिसावी म्हणून. आणि धुकं म्हणजे अंधार नव्हे. चहूकडून पांढरा उजेड डोळ्यांवर येत असतो, बाहुली आकसलेली असते. त्या डोळ्यांनी रात्रीसाठी मंद केलेल्या स्क्रीनकडे पाहिलं की समोर काळी पाटी दिसते. आकडा असतो, पण वाचता येत नाही.

जुलैमध्ये घाट संपून वर आल्यावर असंच झालं. वेग किती आहे ते बघायला मान खाली घातली, आकडा लागेना म्हणून डोळे बारीक करून पुढं वाकलो, आणि वर बघतो तर म्हशी रस्त्यावर. काळ्या म्हशी, ओला काळा रस्ता, वर धुकं. गाडी थांबली तेव्हा पहिल्या म्हशीचं शिंग बंपरपासून हातभर लांब होतं. गुराखी पोरगा काठी हातात धरून नुसता बघत राहिला. ताशी ४० च्या वेगानं गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. आकडा शोधण्यात दोन सेकंद गेले तर २२ मीटर गाडी न बघता चालली. ज्या मीटरनं वेग आवरायला मदत करायची, त्यानंच माझी नजर रस्त्यावरून काढून घेतली.

तुमच्या सर्व्हिस ॲडव्हायझरनं सांगितलं, सेटिंगमध्ये जाऊन रात्रीचा ब्राइटनेस वाढवा. केलं. हा मेनू मधल्या टचस्क्रीनमध्ये चार पायऱ्या आत आहे आणि गाडी चालू असताना उघडतच नाही, म्हणजे धुक्यात घाटात गाडी कडेला घ्यायची आणि बटणं दाबत बसायचं. तेही केलं. आता दिवसा धुक्यात आकडा दिसतो, पण खऱ्या रात्री बामणोलीहून परतताना तीच स्क्रीन डोळ्यांत घुसते. उजव्या काचेत तिचं प्रतिबिंब पडतं, नेमकं आरशासमोर. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. त्या रस्त्याला ना दिवे ना कठडे, आणि माझे डोळे सरावूच शकत नाहीत, कारण पांढरा उजेड फुटावर पेटलेला असतो. धुक्यासाठी वाढवा, रात्रीसाठी कमी करा, पुन्हा वाढवा, हा खेळ ड्रायव्हरनं किती वेळा करायचा? माझ्या आधीच्या गाडीत स्टिअरिंगच्या बाजूला एक छोटी चाकी होती. अंगठ्यानं फिरवली की मीटरचा उजेड कमी-जास्त व्हायचा, नजर रस्त्यावरून हलवावी लागत नव्हती. ती चाकी तुम्ही काढून टाकलीत.

खंबाटकीच्या बोगद्याबद्दलही सांगतो, कारण पुण्याला जाणारा सातारकर तिथूनच जातो. बोगद्यात शिरताच गाडी आपोआप हेडलाइट लावते, स्क्रीन मंद होते. इथवर ठीक. बाहेर पडल्यावर मात्र दिवे लगेच विझत नाहीत, त्यामुळे स्क्रीनही मंदच राहते. आणि बोगद्याबाहेर काय आहे? उतार आणि ते कुप्रसिद्ध एस वळण, जिथं आजवर किती माणसं गेली ते या भागात कुणालाही विचारा. ते वळण चुकवण्यासाठी सरकारला नवा बोगदा खोदायला घ्यावा लागला. ज्या ठिकाणी ड्रायव्हरनं वेग बघायलाच हवा, नेमकं तिथं तुमचा मीटर झोपलेला. साताऱ्यात पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालून जाणाऱ्या भुयारी रस्त्यातही हेच. आत अंधार, बाहेर कडक ऊन, आणि बाहेर आल्यावर स्क्रीन आतल्यासारखीच.

उन्हाचा त्रास वेगळा. संध्याकाळी कासहून खाली उतरताना सूर्य पाठीमागून येतो आणि थेट स्क्रीनवर पडतो. जुन्या मीटरवर खोल कड असायची, सावली पडायची. तुम्ही दिसायला छान म्हणून कड काढून चकचकीत सपाट काच लावली. तिच्यात मला माझाच शर्ट दिसतो. ओल्या रस्त्याची चमक टाळायला मी पोलराइज्ड गॉगल वापरतो, तो लावला तर स्क्रीन जवळजवळ विझते. मान वाकडी केली की परत दिसते. एलसीडी स्क्रीनमधून येणारा उजेड एकाच दिशेनं पोलराइज्ड असतो आणि गॉगल त्या दिशेचा उजेड अडवतो, हे तुमच्या इंजिनिअरांना ठाऊक आहे. स्क्रीनच्या फिल्टरची दिशा तिरपी ठेवली किंवा वर एक योग्य फिल्म लावली की हे होत नाही. मग का केलं नाही? सर्व्हिस सेंटरनं जॉबकार्डवर लिहिलंय, 'ग्राहकास गॉगल न वापरण्याचा सल्ला दिला.'

आता आजच्या फोनबद्दल. हे सविस्तर लिहितो, कारण तुम्ही ते सविस्तर वाचायला हवं.

फोनवरच्या गृहस्थांनी सुरुवात बरी केली. 'सर, ही समस्या हेडलाइट ऑन असतानाच येते का?' हो म्हटलं. 'ऑफ केल्यावर स्क्रीन नीट दिसते?' दिसते म्हटलं. मला वाटलं, अखेर कुणाला तरी कळलं. मी उत्साहानं सांगायला लागलो की गाडीला बाहेरचा उजेड ओळखणारा सेन्सर आधीच आहे, त्याच्यावरच हेडलाइट आपोआप लागतात, तर स्क्रीनचा उजेडही हेडलाइटच्या बटणाऐवजी त्या सेन्सरवरून ठरवा. माझं वाक्य अर्धं असतानाच ते म्हणाले, 'सर, मग सोल्युशन मिळालं. दिवसा हेडलाइट ऑफ ठेवा.'

मी म्हटलं, 'अहो, धुकं असतं.'

'सर, दिवसा हेडलाइटची गरज नसते.'

'धुक्यात असते. समोरून एसटी येते, तिला मी दिसायला नको?'

'सर, दाट धुक्यात ड्रायव्हिंग टाळावं, असं ओनर्स मॅन्युअलमध्ये दिलंय.'

मी सांगितलं, गाय अडलेली असते. वासराचा पाय मागं वळलेला असतो, मालक गोठ्यात हात धरून बसलेला असतो. धुकं उठेपर्यंत मी यवतेश्वरला थांबलो तर गायही जाईल आणि वासरूही जाईल. पलीकडे थोडा वेळ शांतता. कीबोर्डचा आवाज येत होता. मग प्रश्न आला, 'सर, तुमचं वय विचारू शकतो का?'

मी वय सांगितलं. अठ्ठावन्न.

'सर, मग एकदा आय चेकअप करून घ्या. बाकी कुठल्या कस्टमरची अशी कम्प्लेंट नाहीये.'

माझे डोळे तपासलेले आहेत, चष्म्याचा नंबर बरोबर आहे. याच डोळ्यांनी मी गोठ्यात बॅटरीच्या उजेडात जनावराला टाके घालतो. आणि समजा माझी नजर अधू असती, तरी अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला गाडी विकताना तुम्ही डोळे विचारले नव्हते. शोरूममध्ये दिवे मंद करून हीच स्क्रीन दाखवली होती.

मी शांतपणे विचारलं, 'धुक्यात हेडलाइट बंद ठेवा, हे मला ईमेलवर लिहून द्याल?' उत्तर आलं, 'सर, तसं लेखी देता येत नाही.' कॉल रेकॉर्ड होतो ना, मग रेकॉर्डिंग द्या म्हटलं. 'ती आमची पॉलिसी नाही, सर. आणखी काही मदत करू शकतो?' आणि त्यानंतर तो निराकरणाचा मेसेज.

जे तोंडी सांगता ते लेखी देता येत नसेल, तर ते सांगण्याच्या लायकीचं नाही हे तुम्हालाही कळतं. उद्या एखाद्या नव्या ड्रायव्हरनं हा सल्ला ऐकला आणि कासच्या धुक्यात दिवे बंद करून निघाला, तर त्याच्या घरच्यांना तुम्ही कोणता मेसेज पाठवणार आहात?

मध्यंतरी शोरूमच्या सेल्समननं सुचवलं होतं की पुढच्या वेळी हेड-अप डिस्प्लेवालं टॉप मॉडेल घ्या, वेगाचा आकडा थेट काचेवर दिसतो. सोय चांगलीच आहे. लढाऊ विमानांतून ती मोटारीत आली, १९८८ मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्सनं ती पहिल्यांदा गाडीत बसवली. पण वेग दिसणं ही जादा पैसे मोजून घ्यायची गोष्ट नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११७ ड्रायव्हरला वेग दाखवणारं उपकरण प्रत्येक गाडीत मागतो, फक्त टॉप मॉडेलमध्ये नाही. ॲडव्हायझर म्हणाला की वेगाची बीप आहेच की. १ जुलै २०१९ पासून सक्तीची झालेली ती बीप ८० ला वाजते. घाटात धुक्यात मला २० आणि ४० मधला फरक कळायला हवा, तिथं बीपचा काय उपयोग?

पुन्हा सांगतो, कारण प्रत्येक फोनवर हेच हरवतं : माझी स्क्रीन बिघडलेली नाही. ती तुम्ही जशी बनवली तशीच चालते आहे, आणि तोच दोष आहे. त्यामुळे 'तपासणीत कोणताही बिघाड आढळला नाही' हे तुमचं उत्तर मला मान्य नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ मध्ये रचनेतल्या दोषाची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. तक्रार मी राहतो तिथल्या, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवणार आहेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ११०-अ गाड्या परत बोलावण्याबद्दल आहे, तिथंही हे प्रकरण नेईन. मला कोर्टकचेरीची हौस नाही. माझ्या वडिलांची गाडी तुमच्याच कंपनीची होती. कच्च्या रस्त्यांवर तिनं कधी दगा दिला नाही, आणि मीटर कधी शोधावा लागला नाही. त्या भरवशावर ही गाडी घेतली. तो भरवसा तुमच्या स्क्रीननं जेवढा मोडला नाही, तेवढा आजच्या एका फोननं मोडला.

मला नवी गाडी नको, भरपाई नको. स्क्रीनचा उजेड बाहेरच्या उजेडावरून ठरेल असं सॉफ्टवेअर अपडेट द्या, या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांना आणि फुकट. तोवर स्टिअरिंगवरच्या एका बटणानं ब्राइटनेस बदलता येईल एवढी सोय करा. रिकामी बटणं तिथं आहेत. पुढच्या गाड्यांत स्क्रीनवर कड आणि हाताला लागणारी चाकी परत आणा. ग्राहकसेवेच्या लोकांना आजच्या आज लेखी सूचना द्या की धुक्यात हेडलाइट बंद करायला कुणालाही सांगायचं नाही. हे शेवटचं करायला इंजिनिअरही लागत नाही.

उत्तर फोनवर नको. कंपनीच्या लेटरहेडवर, जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीनिशी हवं. पंधरा दिवसांत आलं नाही तर हेच पत्र जोडून आयोगात अर्ज दाखल करीन.

आपला ग्राहक,
एक पशुवैद्यक, सातारा

सोबत : जॉबकार्डच्या प्रती, हेडलाइट चालू व बंद असताना धुक्यात काढलेले स्क्रीनचे फोटो, आजच्या 'निराकरणाच्या' मेसेजचा स्क्रीनशॉट.